निळं जॅकेट आणि चिंचोक्याची खळ

पाऊस लागला की माझं कामातलं लक्ष उडतं. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत मी कारकुनी करते. माझ्या खिडकीबाहेर एक जुनं गोदाम आहे. त्याच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की समोरचे आकडे धूसर होत जातात आणि मी मनानं आमच्या गावच्या माळावर जाऊन उभी राहते. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणते, "गेल्या बाई ह्या!" म्हणू दे. पाऊस बघत बसायची मला लाज वाटत नाही.

या नादापायीच चाळिशी उलटल्यावर मी डोंगर चढायला लागले. ऑफिसातली काही मंडळी पावसाळ्यात गडांवर जायची, त्यांच्या मागं मीही निघाले. सुरुवातीला बाजारातला प्लास्टिकचा रेनकोट घालून गेले आणि बाहेरून पावसानं, आतून घामानं अशी सारखीच भिजले. मग मात्र हट्टानं एक चांगलं जॅकेट घेतलं. निळं, हातात धरलं तर आहे की नाही कळू नये इतकं हलकं. त्याच्यावर थेंब पडला की गोल व्हायचा, जरासा थबकायचा आणि घरंगळून जायचा. कड्यावर ढग उतरले की बाकीचे दरी बघायचे, मी आपली स्वतःची बाही बघत बसायचे. थेंब यायचे, थांबायचे, जायचे. किती वेळ गेला ते कळायचं नाही.

अशा कपड्याचं करावं मात्र फार लागतं. धुण्याची पावडर चालत नाही, ती कापडात राहिली की पाणी धरून ठेवते. कपडे मऊ करायचं ते वासाचं औषध तर बिलकुल नाही. सगळ्या चेनी लावून, कोमट पाण्यात, थोडासा सौम्य द्रव साबण घालून हलक्या हातानं धुवायचं. पिळायचं नाही. साबणाचा टिपूस राहणार नाही इतकं खळबळायचं, सावलीत वाळवायचं आणि मग वरून फडकं टाकून जराशी ऊब द्यायची. ऊब दिली की कापडाला पाणी झटकायची आठवण होते, असं मी म्हणते. एकदा गावी गेले असताना मी ते असं धूत बसले होते, तेव्हा भावजय कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "आक्का, दाजींचं तरी एवढं करता का हो?"

"दाजी पाणी झटकत न्हाईत," मी म्हटलं. ती तोंडाला पदर लावून हसत आत गेली.

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडं. घराण्याचा मूळ धंदा मेंढरांचा. आजोबांच्या काळात जमीन झाली, आता भाऊ कापूस आणि मका करतो, पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं सोडली नाहीत. कळप आटत आटत लहानसा उरला होता. सकाळी तो घेऊन माळावर जायचं आणि दिवस मावळता परत यायचं. पावसात अंगावर घोंगडं, डोक्यावरून त्याचीच खोळ. घोंगडं भिजलं की अंगावर ओझं होतं, पण आप्पा ते काढायचे नाहीत. म्हणायचे, "वल्लं असलं तरी ऊब देतंय."

गेल्या पावसाळ्यात त्या ओल्या उबेनं घात केला. आप्पांना न्यूमोनिया झाला, जालन्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की या वयात, या छातीला, पुन्हा ओल्या अंगानं राहणं परवडणार नाही. मग थंडीभर आप्पा माझ्याकडं राहिले. आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या ऑटोरिक्षा बघत बसायचे. जेवायला बोलावलं की यायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. दुपारी डोळा लागला की झोपेतच ओठांनी आवाज काढायचे, मेंढरं हाकताना काढतात तसा, हलके हलके. मी दारात उभी राहून ऐकायचे. माझ्या घरात, त्या पंख्याखाली, ते माळावर चालत असायचे. मला भडभडून यायचं. माणूस बरा होऊन घरी आणलाय की अर्धाच आणलाय, असं वाटायचं.

भावाचं म्हणणं पडलं, मेंढरं विकायची. माझा भाऊ माझ्यासारखा तापट नाही. कमी बोलतो, आणि एकदा बोलला की तेच धरून बसतो. मी आरडाओरडा केला, "मेंढरं गेली तर आप्पा राहतील का रे?" तो जमिनीकडं बघत म्हणाला, "अन् आप्पाच गेले त मेंढरायचं काय करू?" दोघंही बरोबर होतो, म्हणूनच भांडण मिटेना.

शेवटी मी माझं निळं जॅकेट बॅगेतून काढून भावाच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, ह्याच्यात माणूस भिजत नाही, मी कड्याकपारीत घालून बघितलंय. बराच वेळ चाचपून बघितल्यावर तो तयार झाला, पण अट घालून. रोज संध्याकाळी आप्पा माळावरून आले की तो त्यांच्या पाठीला हात लावून बघणार. "एक बार बी वल्ले आले त त्याच आठवड्यात मेंढरं बाजारात. मंग मला कोणी बोलायचं न्हाई."

आप्पांनी जॅकेट अंगात घातलं. बारीक झाले होते, त्यामुळं माझं माप त्यांना बरोबर बसलं. हात वर-खाली करून म्हणाले, "बाई, हे त फुग्यावानी हाये. ह्याच्यानं पाऊस कसा ऐकंल?"

मी तांब्यातलं पाणी त्यांच्या बाहीवर ओतलं. ते घरंगळून अंगणात पडलं. आप्पांनी बाहीकडं बघितलं, मग जमिनीकडं, मग माझ्याकडं. "अळूच्या पानावानी," ते म्हणाले. आणि पुन्हा पाणी मागितलं. पुन्हा ओतलं. पुन्हा मागितलं. भावजय शेवटी ओरडली, "आप्पा, रांजण रिकामा करता का!"

आषाढ असा गेला. घोंगडं भावानं माळ्यावर टाकून दिलं. रोज दिवेलागणीला आप्पा वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, मेंढरं कोंडायचे आणि ओसरीसमोर येऊन पाठमोरे उभे राहायचे. भाऊ कॉलरमधून हात घालून आत पाठीवर फिरवायचा. मग माझ्या मोबाईलवर एकच शब्द यायचा, "कोरडे". त्या शब्दाची मी जालन्यात वाट बघत बसायचे. भाजी चिरताना, चपात्या लाटताना, कान फोनकडं. शब्द आला की मग मला भूक लागायची.

श्रावणात एक दिवस आप्पांचा फोन आला. आवाज एकदम खाली. "बाई, तुझं जॅकेट पाणी प्याया लागलंय."

मला कळलं. रोजचा वापर, चुलीचा धूर, मेंढरांच्या लोकरीचा तेलकटपणा, बाभळीच्या फांद्यांचं घासणं. असं मळलं की वरचं कापड पाणी झटकायचं विसरतं आणि भिजून गार पडतं. मी म्हटलं, "आप्पा, मी रविवारी येते. तोवर त्याला काही करू नका. बिलकुल हात लावू नका. ऐकलं का?"

"ऐकलं," आप्पा म्हणाले.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघाले. शुक्रवारपासून "कोरडे" आलं नव्हतं; जॅकेटाविना आप्पा घरीच असतील, असं मी धरून चालले होते. बाहेर भुरभुर होती, काचा धुरकट झालेल्या, रानं हिरवी आणि पुसट. मी अर्धवट झोपेत होते. पिशवीत द्रव साबण होता आणि कापडावर फवारायची एक बाटली होती, पाणी झटकायची शक्ती परत आणणारी. मधूनच जाग आली की पिशवी चाचपायची आणि पुन्हा डोळे मिटायचे. त्या धुरकट काचेतून मला सगळीकडं निळं निळं कोणीतरी चालताना दिसत होतं.

अंगणात पाय टाकला आणि थबकले. कुंपणाच्या काट्यांवर माझं जॅकेट होतं, पण लोंबत नव्हतं. उभं होतं! हात पसरून, छाती काढून, आत माणूस असावा तसं. जवळ जाऊन बोट लावलं तर पापडासारखं कडक. वर भुसा चिकटलेला, लोकर चिकटलेली, आणि एक ओळखीचा आंबूस वास.

"हे काय केलं?" मी ओरडले. "आप्पा! हे काय करून ठेवलं?"

आप्पा ओसरीवर बसले होते. खोकत होते. खोकला ऐकला आणि माझा राग जागच्या जागी थिजला.

मग भावजयीनं सगळं सांगितलं. आप्पांनी चिंचोके भाजले, भिजवले, पाट्यावर वाटले आणि त्याची खळ शिजवली. नवं घोंगडं आलं की त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे धागा दाबून बसतो आणि पाऊस वरच्यावर निथळतो, हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. घोंगड्याला चालतं ते जॅकेटाला का चालणार नाही? आप्पांनी हातानं चोळून चोळून खळ लावली, उन्हात कडक वाळवली आणि शुक्रवारी घालून गेले. पाऊस आला. खळ विरघळली, जॅकेट बुळबुळीत झालं, पाण्यानं जड झालं, आणि कुडकुडणारा म्हातारा संध्याकाळी ओसरीसमोर पाठ करून उभा राहिला. भावानं हात घातला तो चिकट होऊन बाहेर आला. मग कुंपणावर टाकलं ते उरलेल्या खळीनं असं ताठ वाळलं.

"मंग?" मी विचारलं.

भाऊ बैलाला वैरण टाकत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्या बारीला सोडलं. तू येणार व्हती म्हून. पुढच्या बारीला सोडणार न्हाई, आक्का. व्यापाऱ्याला सांगून ठिवलंय मी."

आप्पा म्हणाले, "म्या चांगल्यासाठीच..." आणि खोकल्यात पुढचं राहून गेलं.

मी पदर खोचला. मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि जॅकेट बुडवलं. पहिलं पाणी पिठासारखं पांढरट निघालं, सगळ्या अंगणभर चिंचोक्याचा वास झाला. आप्पा हळूहळू येऊन शेजारी उकिडवे बसले. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. "अहो, कापड आहे ते, घोंगडं न्हाई! त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, घामाची वाफ बाहेर जायला. तुम्ही खळ भरून सगळी बुजवून टाकली. सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं व्हतं," आप्पा म्हणाले.

"मंग?"

"रविवार लांब व्हता." ते पाण्यात बोटं घालून बाहीची शिवण चोळत होते. "मधी पाऊस आला अस्ता अन् मी वल्ला झालो अस्तो त यानं मेंढरं नेली अस्ती. म्हून करून राह्यल्तो."

मी बाहीचं दुसरं टोक धरलं. दोघं जण धूत बसलो. चेनीच्या दातांतली खळ काडीनं काढली, खिसे उलटे केले, टोपीच्या दोरीची भोकं बोटानं साफ केली. एक पाणी टाकायचं, दुसरं घ्यायचं. आभाळ भरलेलं, पण पडत नव्हतं. कुठूनतरी वाऱ्याबरोबर मेंढरांचा आवाज येत होता. आप्पांचे काळे हात आणि माझे हात त्या निळ्या कापडाखाली दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा वर यायचे. मला वाटलं हे असंच चालू राहावं, पाणी कधी स्वच्छ होऊच नये. शेवटी ते स्वच्छ झालं. मी साबण लावला, पुन्हा सगळा काढला, आणि बाटलीतलं औषध फवारलं.

आप्पांनी बाटली नाकाशी नेली. "ह्याच्यात चिंचोके न्हाईत?"

"न्हाईत."

"मंग काय कामाचं," असं म्हणून ते गालात हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू.

जॅकेट ओसरीत दोरीवर वाळलं तोवर दुपार कलली. आता ऊब द्यायची तर लाईट गेलेली! इस्त्री असून उपयोग नाही. मी चरफडायला लागले. आप्पा उठले, आत गेले आणि पितळी तांब्या घेऊन आले. त्यात कडकडीत पाणी भरलं, बूड पुसलं. लग्नात सदऱ्याला अशीच इस्त्री केली होती म्हणाले. मी जॅकेट पोत्यावर पसरलं, वरून सुती लुगड्याचं फडकं टाकलं आणि आप्पा तांब्या फिरवायला लागले. घाई नाही काही नाही. पाठीवरून, खांद्यांवरून, एकेका बाहीवरून. पाणी निवलं की भावजय दुसरं आणून द्यायची. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. तांब्या फिरत होता आणि मी भिंतीला टेकून बघता बघता पेंगायला लागले. मला शाळेत जायच्या वयाची मी दिसले, माझ्या कपाळावर आप्पांचा हात, बाहेर असाच पाऊस.

"बाई, ऊठ. पाहा."

आप्पांनी बोटं बुडवून पाणी शिंपडलं होतं. निळ्या पाठीवर थेंब गोल गोल बसले होते. त्यांनी कापड जरासं तिरकं केलं आणि सगळे थेंब एकदम पळाले. भाऊ वैरणीची पाटी हातात घेऊन दारात थांबला होता. त्यानंही बघितलं. आणि तिथंच उभा राहिला.

त्यानंतर रोज "कोरडे" यायचं. खोकला गेला. मी महिन्यातून एकदा जाऊन जॅकेट धुवायचं असं ठरवून टाकलं, आणि आप्पांना चिंचोक्यांची शपथ घातली.

भाद्रपदात मायच्या पित्रासाठी गावी गेले होते. पान वाढून झालं, जेवणं झाली, आप्पा खीर खाऊन मेंढरं घेऊन गेले. दुपारनंतर आभाळ काळंठिक्कर झालं. असा पाऊस मी त्या वर्षी बघितला नव्हता. समोरचा गोठा दिसेना. विजा तर अशा की भावजय लेकराला पोटाशी धरून बसली. भाऊ ओसरीत येरझाऱ्या घालत होता. मधेच पोतं डोक्यावर घेऊन वळणापर्यंत जाऊन आला, भिजून चिंब. "दिसत न्हाईत," एवढंच म्हणाला. मी देवाला नाही, जॅकेटाला हात जोडले. बाई गं, तेवढं आजच्या दिवस धर.

दिवस मावळायच्या बेताला पाऊस ओसरला आणि चिखलातून मेंढरांचा आवाज आला. मागं निळं जॅकेट. मी पळत पुढं गेले. टोपीवरून, खांद्यांवरून थेंब टपाटप ओघळत होते, कापड कुठंच भिजलं नव्हतं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण आप्पांचा चेहरा लाल झाला होता आणि दम लागला होता. माळावर जवळच वीज पडली, मेंढरं बुजून ओढ्यापलीकडं पांगली, आणि आप्पा गळ्यापर्यंत चेन लावून त्यांच्या मागं सगळा माळ धावले होते. एक एक करून गोळा केली. एकही मागं ठेवलं नाही.

मेंढरं कोंडली आणि आप्पा ओसरीसमोर येऊन पाठमोरे उभे राहिले. भावानं कॉलरमधून हात घातला.

हात तिथंच राहिला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ. मी भावाच्या तोंडाकडं बघितलं. पुढं होऊन मीही आप्पांच्या मानेखाली बोटं घातली. बनियन पिळून काढावं इतकं ओलं होतं. पावसानं नाही, घामानं. पळून पळून आलेल्या घामानं. जॅकेटानं एक थेंब आत येऊ दिला नव्हता, पण एवढ्या धावपळीचा घाम बाहेर टाकणं त्यालाही जमलं नव्हतं. आणि अट तर ओल्या अंगाची होती, कशानं ओलं ते अटीत नव्हतं.

मी बोटं काढून घेतली. आप्पा आमच्याकडं पाठ करून वाडग्याकडं बघत होते. मेंढरं अंग झाडत होती, एकमेकांत घुसत होती. आप्पांचे खांदे वर ओढल्यासारखे ताठ झाले होते. त्यांना माहीत होतं. स्वतःचं अंग ओलं आहे हे कोणाला कळत नाही?

"कोरडे हायेत," भाऊ म्हणाला.

आप्पा वळले. "बराबर पाह्यलंस ना?"

"पाह्यलं ना. ठणठणीत कोरडे." भावानं हात बाहेर काढला. "चला, जल्दी आत चला. चुलीपाशी. बनियन बदला."

"कोरडं बनियन कशाला बदलायचं?" आप्पांनी विचारलं.

आप्पांना चुलीसमोर बसवून भावानं चेन उघडली, जॅकेट माझ्या हातात दिलं आणि लहान लेकराचे करतात तसे आप्पांचे दोन्ही हात धरून वर केले.